अण्णांच्या फियाटचा लाल दिवा

इस्लामपुरात माझा दवाखाना आहे आणि दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडात अण्णांची फियाट. कागदावर ती 'प्रीमिअर पद्मिनी', १९७८ सालची, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. पण आमच्या घरात तिला पद्मिनी कुणीच म्हटलं नाही. अण्णा गेल्यावर चौदा वर्षं ती शेडात उभी होती, अंगावर कडब्याची धूळ घेऊन. साठी जवळ आली तशी मला तिला रस्त्यावर आणायची हुक्की आली. ब्रेक झाले, कार्ब्युरेटर झाला, टायर झाले. अडलं ते अंगठ्याएवढ्या एका वस्तूपाशी. पुस्तकात तिचं नाव ऑइल प्रेशर स्विच, गॅरेजात 'तेलाचं बटण', आणि हल्लीची पोरं गाडीतल्या ज्याला त्याला म्हणतात तसं 'सेन्सर'. दीड वर्ष मी त्या बटणाच्या मागे होतो. जे कळलं ते, ज्या क्रमानं कळलं त्याच क्रमानं लिहितोय. शहाण्या माणसानं सुरुवात सातव्यापासून केली असती.

१. लाल दिवा तेलाचा दाब मोजत नाही, हे मला साठाव्या वर्षी कळलं. बटणाच्या पोटात एक पातळ पडदा असतो आणि पडद्यामागे स्प्रिंग. इंजिन बंद असताना स्प्रिंग आतली दोन टोकं जुळवून ठेवते, वीज इंजिनाच्या लोखंडात उतरते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. इंजिन सुरू झालं, पंपानं तेल ढकललं, की पडदा फुगतो, टोकं सुटतात, दिवा विझतो. हे सगळं पाच-सात पौंडांत उरकतं. (आमच्याकडे टायरातली हवा असो की तेलाचा दाब, हिशेब पौंडातच.) आणि रस्त्यावर धावताना या इंजिनाला हवे असतात चाळीसेक पौंड. जुन्या मेस्त्रींचा ठोकताळा आहे, इंजिनाच्या हजार फेऱ्यांमागे दहा पौंड. म्हणजे दिवा विझला याचा अर्थ पेशंट जिवंत आहे, एवढाच. तो धडधाकट आहे असं दिवा कधीच म्हणालेला नसतो. मी मात्र विझलेला दिवा बघून कराडपर्यंत ऐंशीच्या वेगानं गाडी हाणत होतो.

२. दिवा लागत नाही म्हणून खूश होणारा माणूस मी आहे, हे कळणं जरा जड गेलं. गाडी सुरू झाल्यावर पहिले तीन महिने मला लाल दिवा दिसलाच नाही, आणि मी ते इंजिनाच्या तब्येतीचं सर्टिफिकेट समजून बसलो. मग एकदा मेस्त्री शेजारी बसले. हे मेस्त्री तरुणपणी कृष्णाकाठच्या पाणी उपसायच्या इंजिनांवर हात बसलेले. किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यातली, १९१० सालापासूनची. या भागात इंजिनाचा आवाज लोकांच्या कानात लहानपणापासून असतो. मी किल्ली फिरवली. मेस्त्री डॅशबोर्डकडं बघत राहिले.

"बत्ती कुठाय?"

"कसली?"

"तेलाची. किल्ली फिरवली की आदी लागाय पायजे, मग इझाय पायजे. हितं लागलीच न्हाई, तर इझणार कशी?"

बॉनेट उघडलं. बटणाकडं जाणारी वायर उंदरांनी वीतभर खाऊन टाकली होती आणि उरलेल्या टोकापाशी त्यांनी चिंध्यांचं व्यवस्थित घर केलं होतं. तेव्हा मला अण्णा आठवले. ते किल्ली फिरवून क्षणभर थांबायचे, गाडी सुरू करायचे आणि पुन्हा क्षणभर थांबायचे. मागच्या सीटवर आम्हा पोरांना वाटायचं, अण्णा देवाचं नाव घेतात. आईलाही तसंच वाटायचं. ती मागून हात जोडायची.

३. 'सेन्सर गेलाय' हे निदान स्वस्त असतं म्हणून लाडकं असतं. नवी वायर जोडली आणि दिवा बोलायला लागला. सकाळी गार इंजिनावर झटकन विझायचा. पण आष्टा नाक्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागं दहा मिनिटं अडकलं, इंजिन तापलं, की न्यूट्रलवर लुकलुकायला लागायचा. ॲक्सिलरेटर जरा दाबला की गप्प. मी लगेच ठरवलं, पंचेचाळीस वर्षांचं बटण आहे, किती चालणार. दवाखान्यात रोज कुणीतरी येऊन म्हणतं, "साखर जास्त दाखवलीय, पण ती लॅब बरोबर न्हाई, डॉक्टर." मी त्यांना दम देतो. मला दम द्यायला कुणी नव्हतं. मेस्त्री एवढंच म्हणाले, "बदलून बघा की." त्यांच्या स्वरात जे होतं ते मला फार उशिरा ऐकू आलं.

४. आट्यांनाही मातृभाषा असते. इथल्या एका स्पेअरच्या दुकानात मी अण्णांचं बटण दाखवलं. दुकानदारानं एक खोकं पुढं केलं, वर मार्करनं 'फियाट' लिहिलेलं. आमचा तालुका वाळवा आणि तालुक्याची कचेरी इस्लामपुरात. खोक्यावर एक नाव आणि आत दुसराच माल याची आम्हाला जन्मजात सवय आहे. तरी मी फसलो. घरी आणून बटण बसवायला घेतलं. दोन आटे सुंदर गेलं आणि अडलं. इथं हात थांबायला हवा होता. मी पाना लावला. पान्यानं आणखी पाऊण फेरा गेलं, मग पितळेचा कुरकुर आवाज आला. तो आवाज मी ओळखतो. दात काढताना मूळ तुटलं की डेंटिस्ट मित्राच्या तोंडून निघतो, तसा.

पुढं कोल्हापूरला उद्यमनगरात एका नट-बोल्टवाल्यानं माझी शिकवणी घेतली. काउंटरवर त्यानं तीन बटणं शेजारी ठेवली. डोळ्यांना तिन्ही जुळी भावंडं. एक मिलिमीटरच्या आट्याचं: जाडी दहा मिलिमीटर, दर मिलिमीटरला एक आटा. दुसरं विलायती इंची, ज्याला दुकानात 'एक अष्टमांश बीएसपी' म्हणतात: जाडी पावणेदहा मिलिमीटरच्या आसपास, इंचात अठ्ठावीस आटे. तिसरं अमेरिकी, 'एनपीटी': इंचात सत्तावीस आटे आणि अंगानं निमुळतं, पाचरीसारखं. अठ्ठावीस आणि सत्तावीसमधला एका आट्याचा फरक डोळ्याला दिसत नाही. शिवाय विलायती आट्याची खाच पंचावन्न अंशांची, अमेरिकी साठ अंशांची. कुठलंही बटण कुठल्याही भोकात दोन आटे जातंच. तिथपर्यंत सगळे सभ्यपणे वागतात. फियाट मुळात इटलीची, माझ्या ब्लॉकचे आटे मिलिमीटरचे. मी त्यात अमेरिकी पाचर ठोकत होतो. "हातानं चार आटे गेलं पायजे," तो म्हणाला, "पाना फक्त शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला." मग त्यानं माझ्या बटणावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाला, "हे गाडीचं न्हाईच." कशाचं, ते त्यालाही सांगता आलं नाही. नशीब एवढंच की मेलं ते बटणाचं पितळ. ब्लॉकच्या बिडातले आटे मेस्त्रींनी टॅप फिरवून साफ करून दिले, आणि फिरवताना माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. ते बघितल्यापेक्षा वाईट होतं.

५. आपल्याला जुन्या गाडीचं सुटं सामान मिळत होतं ते टॅक्सीवाल्यांच्या पुण्याईनं. फियाटचं काहीही हवं असलं की लोक म्हणायचे, मुंबईला जा, तिथं हजारो काळ्यापिवळ्या धावतात. त्या रोज धावत होत्या म्हणून रोज काहीतरी मोडत होतं, आणि रोज मोडत होतं म्हणून कुणीतरी ते बनवत होतं, विकत होतं. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी हळवे लेख लिहिले, मीही वाचून हळवा झालो. पण बटण शोधायला निघालो तेव्हा कळलं की त्या बातमीत माझं व्यक्तिगत नुकसान होतं. दुकानदार म्हणतात, "आता कोण मागतंय साहेब?" मी मागतोय, हे उत्तर कुणाला पुरेसं वाटत नाही.

आमच्या भागातल्या खऱ्या मानाच्या गाडीचं बरं असतं. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला दसरा चौकात येते, लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून बघतात. असल्या गाडीसाठी एखादा भाग नवा घडवूनही घेता येत असेल. माझी गाडी मधल्या वर्गातली. २०२१ साली सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नियम केला: पन्नास वर्षं पूर्ण झाली की 'व्हिंटेज' म्हणून नोंद, नंबरात 'व्हीए' अक्षरं, फी वीस हजार. अण्णांच्या फियाटचं अजून तेवढंही वय नाही. धड म्हातारी नाही आणि तरुण तर नाहीच. माझ्यासारखी.

शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. लेकीला भेटायला आलोय असं घरी सांगितलं होतं आणि लेकीला सांगितलं होतं की कॉन्फरन्स आहे. ताडपत्रीवर पसरलेल्या कुलपं, रेडिओ, कंदील आणि कार्ब्युरेटरांमध्ये मी उकिडवा बसून आटे मोजत होतो. कोल्हापुरातून आट्याची फणी विकत घेतली होती. एकानं मला बटण म्हणून चांगला डबीएवढा ऐवज दिला. तो घड्याळवाल्या गाड्यांचा सेंडर निघाला. त्याच्या पोटात चालू-बंद नसतं, दाबाप्रमाणे कमीजास्त होणारा विजेचा अडथळा असतो. काट्यासाठी तो उत्तम. दिव्याला जोडला तर दिवा धड लागत नाही आणि धड विझतही नाही. तो परत केला. मग एका म्हाताऱ्यानं बनियनच्या खिशातून काढावं तसं एक बटण काढलं. मिलिमीटरचे आटे, अंगावर ग्रीस, मूळचं खोकं, खोक्याचं सील शाबूत. चाळीस वर्षांपूर्वीचा माल आणि हात न लागलेला! मी घासाघीससुद्धा केली नाही. त्यानं मला आदरानं चहा पाजला. त्यावरून तरी समजायला हवं होतं.

६. नळाला जे चालतं ते बटणाला चालत नाही. तेल झिरपू नये म्हणून मी आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, चांगले पाच-सहा वेढे, बाथरूमच्या नळाला गुंडाळतात तशी. किल्ली फिरवली. दिवा लागला नाही. आता मी दिवा न लागण्याला भुलणारा राहिलो नव्हतो, म्हणून पुण्याच्या म्हाताऱ्याला शिव्या दिल्या. बटणाला एकच वायर असते. परतीचा रस्ता त्याच्या अंगातून, आट्यांमधून इंजिनाच्या लोखंडात. तो रस्ता मीच टेप लावून बंद केला होता. टेप काढली, तांब्याचा वायसर घातला, दिवा लागला. म्हाताऱ्याला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या. आठवड्यानं पुन्हा द्यायची वेळ आली, ते पुढं सांगतो.

७. सगळ्यात फुकट तपासणी मी सगळ्यात शेवटी केली. किल्ली चालू, इंजिन बंद. बटणावरची वायर उपटायची: दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर वायर वाटेत कुठंतरी बॉडीला घासतेय. मग तेच टोक ब्लॉकच्या उघड्या लोखंडाला टेकवायचं: दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर बल्ब किंवा वायर. दोन मिनिटं, हत्यार शून्य. हे करून वायर आणि बल्ब दोन्ही निर्दोष निघाले, मग मला पुण्याला जाऊन आल्याचा अभिमान वाटला. मेडिकल कॉलेजात आमचे सर ओरडायचे, आधी पेशंटला हात लावा, मग तपासण्या लिहा. पस्तीस वर्षं मी हे शिकाऊ डॉक्टरांना ऐकवत आलोय.

८. दिवा खरं बोलत होता. हा मुद्दा मोठा आहे, पण लिहायला नको वाटतो.

पुण्याचं बटण बसलं तरी तापल्या इंजिनावर दिवा लुकलुकायचाच. म्हणजे, मी मनाशी म्हटलं, हेही बटण खराब. एका बटणावर अविश्वास दाखवला की दुसऱ्यावर दाखवणं सोपं जातं. त्या रविवारी कोल्हापूरला लग्न होतं. परत येताना किणी टोलनाक्याच्या रांगेत दिवा लागला आणि तसाच राहिला. रांग सुटल्यावर विझला. कामेरीच्या जरा अलीकडे, गाडी साठच्या वेगात असताना, तो पुन्हा लागला. या वेळी लुकलुकला नाही. स्वच्छ, लाल, निर्विकार. हिनं विचारलं, "अहो, हे काय लागलंय?" मी म्हटलं, "काही नाही, सेन्सर." ती म्हणाली, "आणि तो आवाज?" आवाज होता. टाळ वाजवावेत तसे बॉनेटखालून टॅपेट वाजत होते. मी म्हटलं, जुनी गाडी आहे. वाघवाडी फाटा आला, वळलो, घर आलं. आठ-दहा किलोमीटर मी त्या दिव्याच्या तांबड्या उजेडात गाडी चालवली, आणि वाटेत हिला जुन्या गाड्यांतल्या सेन्सरच्या दर्जावर बरंच काही ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी बटण काढलं आणि त्या जागी ट्रॅक्टरचं दाबाचं घड्याळ लावलं. त्याला वीज लागत नाही. आत एक वाकडी, चपटी धातूची नळी असते. तेलाचा दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. बोर्दों नावाच्या फ्रेंच माणसानं १८४९ साली पेटंट घेतलेली युक्ती, अजून तशीच चालते. (दंडाला पट्टा बांधून माणसाचा रक्तदाब मोजायची रिव्हा-रोचीची पद्धत १८९६ची. म्हणजे बॉयलरची काळजी आपण माणसाच्या आधी सुमारे पन्नास वर्षं घ्यायला लागलो होतो.) गार इंजिनावर काटा बरा होता. वीस मिनिटं चालवून तापवलं, तर न्यूट्रलवर तीन पौंड. रेस केल्यावर नऊ.

मेस्त्री बराच वेळ काट्याकडं बघत होते. मग म्हणाले, "डाक्टर, पेशंट बोंबलत हुता आन् तुमी थर्मामीटर बदलत बसलासा."

संप उतरवला. तेल ओढणाऱ्या जाळीत काळा गाळ बसला होता, गुऱ्हाळावरच्या काकवीसारखा दाट. मेस्त्रींनी बोट घातलं तर धार धरली. त्यात माझाही हात होता. गाडी सुरू करताना मी तिच्यात पुतण्याच्या नव्या गाडीत घालतात ते पातळ, महागडं तेल घातलं होतं. महाग म्हणजे चांगलं असणार. या इंजिनाला हवं होतं आपलं साधं वीस-चाळीस. नव्या तेलातल्या साबणानं चौदा वर्षांचा बसलेला गाळ सुटला आणि जाळीत येऊन अडकला. आणि झिजलेल्या बेअरिंगांतून पातळ तेल पाण्यासारखं वाट काढत होतं. बेअरिंगच्या शेलवरचा पांढरा मुलामा जाऊन आतलं तांबं दिसत होतं. त्यातलं किती जुनं आणि किती कामेरी ते इस्लामपूर, ते मेस्त्रींनी सांगितलं नाही. क्रँकवर मात्र ताजे ओरखडे होते. उद्यमनगरात क्रँक वीस थाऊ घासून घ्यावा लागला, तेवढ्या मापाचे शेल शोधावे लागले. त्याला दोन महिने गेले. खर्च मी हिला निम्माच सांगितला, आणि हे ती वाचणार आहे.

९. इंजिन कोल्हापुरात आणि आपण इस्लामपुरात, अशा वेळी रिकामा डॉक्टर काहीही करू शकतो. माझ्या टेबलावर तीन बटणं होती: अण्णांचं मूळचं, इथल्या दुकानातलं मुडदूस झालेलं, आणि पुण्याचं सीलबंद. एका दुपारी पेशंट नव्हते. मी पेट्रोलच्या नळीचा तुकडा अण्णांच्या बटणाच्या आट्यांवर दाबून बसवला, क्लिप आवळली, दुसऱ्या टोकाला सलाईन सेटचा जोड घालून बीपीच्या यंत्राची नळी लावली. घड्याळवालं यंत्र, पाऱ्याचं नव्हे. मल्टिमीटरची एक पिन बटणाच्या टोकाला, दुसरी अंगाला. मीटर पीऽऽ करत राहिला, म्हणजे आतली टोकं जुळलेली. आणि फुगा दाबायला सुरुवात केली.

हिशेब आधी केला होता. एक पौंड म्हणजे पाऱ्याचे साधारण बावन्न मिलिमीटर. बीपीचं यंत्र तीनशेपर्यंत जातं, म्हणजे जेमतेम पावणेसहा पौंड. पाच पौंडांचं बटण असलं तर काठावर पास. शंभर, दोनशे, दोनशे चाळीस. दोनशे पंचावन्नला मीटर गप्प झाला. कंपाउंडर केसपेपर ठेवायला आत आला होता, तो थबकला.

"डॉक्टर, किती आलं?"

"दोनशे पंचावन्न."

"वरचं का खालचं?"

मी हसलो, मग हसणं थांबलं, कारण प्रश्न बरोबर होता. हवा हळूहळू सोडली. दोनशे वीसला पीऽऽ परत सुरू झालं. स्विच सुटतो एका दाबाला आणि जुळतो त्याहून जरा कमी दाबाला, त्यामुळे त्यालाही वरचं आणि खालचं असतंच. दहा वेळा केलं. दहाही वेळा दोन-चार मिलिमीटरच्या आत तोच आकडा. माझे पेशंटसुद्धा इतके इमानी नाहीत.

पुण्याच्या बटणात ऐंशीच्या वर हवा टिकेनाच. पेल्यात बुडवलं तर वायर लावायच्या टोकाखालून बुडबुडे. म्हणजे ते चाळीस वर्षं सीलबंद होतं तेव्हा आतलं रबर सीलबंद म्हातारं होत होतं. बसवून आठवड्यानं टोकापाशी तेल झिरपलं होतं ते यामुळंच. दुकानातलं तिसरं तीनशेला सुटलं नाही, पण सायकलच्या पंपावर नीट सुटलं. त्याची स्प्रिंग ताठ, एवढंच. थोडक्यात, तिन्हींत निरोगी, आमच्या गाडीचं आणि खरं बोलणारं बटण एकच होतं. जे मी सगळ्यात आधी काढून टाकलं ते.

१०. काटा दिव्यापेक्षा जास्त सांगतो, आणि तेच वाईट. इंजिन परत आल्यावर मी डॅशबोर्डखाली कायमचं घड्याळ लावलं. मग रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त नजर. गार असताना पंचावन्न, कासेगाव येईपर्यंत चाळीस, तापून न्यूट्रलवर पंधरा. पंधरा म्हणजे या वयाच्या इंजिनाला उत्तम. तरी मी मेस्त्रींना फोन करायचो. "आज चौदा दाखवतंय." पुढच्या दिवशी, "आज सोळा." तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन उचलला नाही. घरी बीपीचं मशीन घेतलेले माझे पेशंट दिवसातून तीनदा फोन करतात, तेव्हा मी काय करतो ते आठवलं, आणि घड्याळ काढून ठेवलं. तेवढंच एक कारण होतं असं नाही. इंजिनातून घड्याळापर्यंत गरम तेल आणणारी नायलॉनची नळी एकदा जोडापाशी सुटली आणि ते तेल माझ्या लग्नाच्या वाढदिवसाच्या पांढऱ्या पँटवर आलं. आता अण्णांचं बटण आणि लाल दिवा. दर सहा महिन्यांनी मेस्त्री त्यांचं ट्रॅक्टरचं घड्याळ लावून बघतात.

११. कोणती वस्तू कुणाची आहे हे मला अजूनही ओळखता येत नाही. पुण्याचं बटण मी टाकून दिलं. ते पाचरीचं, मेल्या आट्यांचं बटण मात्र टेबलावर राहिलं. जड आहे, पंख्याच्या वाऱ्यात केसपेपर धरून ठेवतं. गेल्या पावसाळ्यात नेर्ल्याकडचे एक आजोबा आले, बऱ्याच वर्षांचे पेशंट. खुर्चीत टेकले आणि नाडी धरायला हात पुढं करायच्या ऐवजी त्यांनी ते बटण उचललं. चष्मा कपाळावर सारून आट्यांवरून अंगठा फिरवला.

"मॅसीचं हाय की हे. तुमाला कुटं घावलं?"

मी म्हटलं, फियाटचं म्हणून घेतलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बटणाकडं. त्यांच्या ट्रॅक्टरचं बटण फुटून दोन महिने झाले होते. पोरगा म्हणतो नवं आणू, पण नवं म्हणून जे मिळतं ते आठ दिवसांत गळतं. "पुढचे दोन आटे मेलेत," ते म्हणाले, "पर डाय मारली की बसतंय." मग मी त्यांना बीपीच्या यंत्राचा प्रयोग सांगितला. त्यांनी तो करून दाखवायला लावला. तीनशेला सुटत नाही, पंपावर सुटतं, हे बघून त्यांनी मान डोलावली. मॅसीचं जरा ताठच असतं म्हणाले. बाहेर चार पेशंट खोकत होते. आजोबांनी बटण धोतराच्या सोग्यात बांधलं, पैसे देऊ केले, मी नाही म्हटलं, आणि ते काठी टेकत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा नातू गुळाची ढेप ठेवून गेला. केसपेपर आता तिच्याखाली असतात. ढेप बघितल्यावर माझ्या लक्षात आलं, आजोबा बीपी तपासायला आले होते.